कॅनचं पाणी दुपारीच उतू जातं, तूस भिजतं – काय चुकतंय?

परसातली

नमस्कार. वर्धा जिल्हा. घरामागे १० बाय ८ फुटांचं पत्र्याचं खुराडं, पुढे जाळीचं आवार. १४ कोंबड्या, २ कोंबडे. बहुतेक गावरान, चार वनराजा या सुधारित जातीच्या. तीन आठवड्यांची ११ पिल्लं वेगळ्या कप्प्यात आहेत.

पाण्यासाठी खाद्यतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन स्टीलच्या ताटात उभा ठेवला आहे. बुडापासून दीड सेंटिमीटरवर एक भोक, ताटाचा काठ दोन सेंटिमीटर. भोक बोटाने दाबून वरून भरायचं, झाकण घट्ट लावायचं, बोट काढायचं. सकाळी पातळी अगदी बरोबर राहते. अकरा-बारानंतर मात्र ताटातून पाणी बाहेर येतं, खालचं तूस चिंब होतं, आणि चारच्या आत कॅन रिकामा. एम-सील लावून भोक बुजवलं, दुसरं पाडलं, फरक शून्य. कॅनला चीर नाही, पाण्यात दाबून बुडबुडे पाहिले.

विचारायचं हे की

१. सकाळी नीट आणि दुपारीच का उतू जातं?
२. मोठं भांडं करायचंच आहे, तर ताटाचं करावं की निपल (चोचीने पिन ढकलली की थेंब देणारी तोटी) लावलेली बादली? नळाची लाइन नाही, पाणी बोअरचं आणि क्षाराचं.
३. पिल्लांसाठी काय?

---

पाना-पक्कड

ताई, भोकात काही दोष नाही. दोष उन्हात आणि ताटाच्या काठात आहे.

हा कॅन चालतो कसा ते आधी बघा, म्हणजे दुरुस्ती आपोआप सुचेल. झाकण हवाबंद असल्यामुळे वरून हवा आत जाऊ शकत नाही. ताटातलं पाणी भोकाच्या वरच्या कडेखाली गेलं की भोकातून हवेचा एक बुडबुडा आत जातो, तेवढंच पाणी बाहेर येतं, भोक पुन्हा झाकलं जातं आणि गाडी थांबते. म्हणजे ताटातली पातळी ठरते ती भोकाच्या वरच्या कडेवर. झाकण गळत असतं तर भरल्या भरल्याच उतू गेलं असतं, दुपारची वाट पाहिली नसती. तेव्हा झाकणही निर्दोष.

आता दुपार. तोवर कोंबड्यांनी तीनेक लिटर पाणी प्यायलेलं असतं आणि तेवढी हवा कॅनमध्ये कोंडलेली असते. सकाळचं २८ अंश तापमान दुपारी ४२ वर गेलं की ती हवा फुगते, पाण्याची वाफही वाढते. दोन्ही धरून जवळजवळ साडेनऊ टक्के. तीन लिटरवर हे झालं पाव लिटरच्या वर. फुगलेल्या हवेला बाहेर पडायला वाट एकच, तुमचं भोक, आणि त्याच्या तोंडाशी पाणी आहे. म्हणून ती पाणीच बाहेर ढकलते. तुमच्या ताटात भोकापासून काठापर्यंत अर्धा सेंटिमीटर जागा उरते. ३० सेंटिमीटरच्या ताटात कॅनची जागा वजा केली तर तिथे फार तर पाव लिटर मावतं. वरून कोंबडीने चोच आपटली की संपलं. शिवाय ढग येऊन गेला की कॅन थंड होतो, भोकातून नवी हवा ओढून घेतो, ऊन आलं की पुन्हा ढकलतो. पंपच झाला तो.

कॅनमध्ये हवा जितकी जास्त तितकं उतू जाणं जास्त. म्हणून भरलेला कॅन शहाण्यासारखा वागतो आणि अर्धा कॅन वांड होतो.

दुसरी गोष्ट, ५ लिटर तुम्हाला पुरतच नाही. मोठी कोंबडी थंडीत पाव लिटर पिते, वैशाखात अर्धा लिटर धरायचं. १६ पक्ष्यांचे ८ लिटर झाले. चारला रिकामा होणारा कॅन काही अंशी पिऊनही संपतो.

करायचं ते असं:

१५ लिटरचा तेलाचा कॅन घ्या, फिरकीच्या झाकणाचा. रंगाची बादली ताटाच्या पद्धतीला नको. तिचं रुंद झाकण चार वेळा उघडलं की वाकतं आणि हवा सोडतं. लहान फिरकीचं झाकण वर्षभर टिकतं, आतली रबरी किंवा फोमची चकती मात्र शाबूत हवी. औषध-फवारणीचा कॅन कितीही धुतला तरी वापरू नका.

ताट नको, ४० सेंटिमीटर व्यासाची, निदान ५ सेंटिमीटर खोल परात किंवा प्लास्टिकचं घमेलं घ्या. भोकाची वरची कड बुडापासून अडीच सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे वर अडीच सेंटिमीटर मोकळा काठ उरतो. कॅनचं बूड साधारण २५ बाय २५ धरलं तर त्या मोकळ्या जागेत दीड लिटर मावतं. कॅन जवळजवळ रिकामा असताना १२ लिटर हवा फुगून सव्वा लिटरच्या आत पाणी ढकलेल. म्हणजे हिशेब बसतो.

भोक १० मिलिमीटर, एकच. ४-५ मिलिमीटरचं पाडलं तर पाणी आणि हवा एकमेकांना वाट देत नाहीत आणि कॅन मध्येच अडून बसतो. दोन पाडलीत तर पातळी वरच्या भोकावर ठरते, खालचं फुकट. ड्रिल नसेल तर लोहाराकडे जा, पण तापवलेल्या सळईने पाडू नका, कड जाड होऊन भोक लांबट होतं आणि पातळी सांगता येत नाही.

परात पातळीत ठेवा. भोक चढाच्या बाजूला आलं तर उताराच्या काठावरून पाणी सांडणारच. खाली दोन विटा, म्हणजे परातीचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येतो आणि पायांनी उधळलेलं तूस पाण्यात पडत नाही.

आणि पत्र्याखाली ठेवलं म्हणजे सावलीत ठेवलं असं समजू नका. तापलेला पत्रा वरून भाजतो. झाडाखाली हलवा, किंवा कॅनवर ओलं गोणपाट गुंडाळा.

---

परसातली

हे हिशेबासकट कुणी सांगितलं नव्हतं. कॅन दुपारी थेट पत्र्याखाली असतो, खरंच. पण परात म्हटली की तूस, विष्ठा, पाय सगळं त्यात. दिवसातून तीनदा धुवायला लागते. निपलवाली बादली म्हणूनच डोक्यात आहे.

---

डालगं

निपलने तो त्रास जातो, पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा. वरच्या कॅनला झाकणाकडून हवा चालत नाही, निपलच्या बादलीला हवाच लागते. झाकण घट्ट लावून ठेवलं की कोंबड्या पितील तशी आत पोकळीची ओढ तयार होते, थेंब बारीक होत होत थांबतो, आणि बादली वरून भरलेली दिसते. उन्हाळ्यात असे चार तास गेले तर संध्याकाळी मेलेल्या कोंबड्या मोजायच्या. झाकणाला कडेजवळ ३ मिलिमीटरचं भोक पाडा, त्यावर मलमलचा तुकडा चिकटवा म्हणजे डास आणि कचरा जात नाही.

तुमच्या १६ पक्ष्यांसाठी २० लिटरची झाकणाची बादली आणि चार निपल. एका निपलवर आठ-दहा पक्षी चालतात, तेव्हा दोनही पुरले असते, पण एक अडलं तर दुसऱ्यावर भांडण होतं आणि कळपात खालच्या पायरीवरची तलंग (तरुण कोंबडी) तहानलेली राहते. चार घ्या.

निपल दोन तऱ्हेची मिळतात. उभी, बादलीच्या बुडात लावायची, ती बादली टांगून वापरतात. दुसरी आडवी, बादलीच्या बाजूला, बुडापासून चार-पाच सेंटिमीटरवर लावायची. बादली विटांवर ठेवता येते. घरगुतीला मी आडवीच सांगेन. भरलेली २० लिटरची बादली म्हणजे २० किलोच्या वर, आणि ती रोज टांगण्यापेक्षा विटांवर ठेवणं सोपं. थेंबही कमी सांडतात.

बसवताना: निपल आधी हातात घ्या, आट्यांची जाडी मोजा. बहुतेकांना ९ मिलिमीटरचं ड्रिल लागतं, पण कंपनीगणिक फरक असतो, म्हणून टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर आधी भोक पाडून निपल आत फिरवून बघा. सैल बसलं तर एक नंबर लहान बिट. बादलीत भोक पाडताना आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरा, नाहीतर प्लास्टिक फाटतं. आट्यांवर टेफलॉन टेपचे चार-पाच वेढे, निपल घट्ट करण्याच्या दिशेनेच. हाताने घट्ट करा, मग पान्याने अर्धा फेरा. त्याहून जास्त ओढलंत तर भोकाकडून केसासारखी चीर जाते, ती महिन्याभराने गळायला लागते. आतून सिलिकॉनचा एक वेढा दिला आणि २४ तास वाळू दिला तर नको ती चिंता राहत नाही.

भरल्यावर रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कुठे ओलं ते कागदच सांगेल.

उंची हा सगळ्यात चुकणारा भाग. निपल कोंबडीच्या डोक्याच्या थोडं वर हवं, तिने मान वर ताणून चोचीने पिन ढकलायची. खाली ठेवलंत तर ती बाजूने चोच मारते, अर्धा थेंब चोचीत, अर्धा तुसात. मग निपल गळतं म्हणून बोंब. तलंगा वाढतील तशा विटा वाढवायच्या.

सवय लावताना परात एकदम काढू नका. तीन-चार दिवस दोन्ही ठेवा. संध्याकाळी पिन बोटाने हलवून थेंब लोंबता ठेवा, एक धीट कोंबडी टोचते, बाकीच्या तिचं बघून शिकतात. सगळ्या टोचताना दिसल्याशिवाय परात हलवायची नाही.

कधी पुढे छपरावरची टाकी जोडायची झाली तर थेट जोडू नका. ही निपल कमी दाबाची असतात. बादलीतलं हातभर पाणी पुरे, पण तीन मीटर उंच टाकीचा दाब पिनला पेलत नाही, ती सारखी गळते. मध्ये बॉल-कॉक लावलेली लहान टाकी ठेवायची आणि तिच्यातून निपलला पाणी द्यायचं.

क्षाराचं सांगता म्हणून: महिन्यातून एकदा निपल काढा. पिनच्या मुळाशी पांढरी खपली बसलेली दिसेल, तीच पिन वर अडकवते, मग निपल अखंड टिपकतं. कोमट लिटरभर पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूफूल ३० ग्रॅम घालून तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्यात खळबळून परत लावा. चार निपल हाताशी जादा ठेवा.

---

लाल माती

डालगं यांचं काम पक्कं आहे, पण विदर्भात मे महिन्यात फक्त निपलवर राहू नये असं माझं ठाम मत आहे.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यातूनच पाणी जातं. शिवाय पसरट पाणी दिसलं की ती तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी त्यात बुडवते, उष्णता घालवायचा तिचा तो दुसरा मार्ग. निपलवर ते जमत नाही. आणि धापा टाकणारी कोंबडी थेंब थेंब टोचत बसायचा कंटाळा करते.

निपलची बादली रोजची ठेवा, पण एप्रिल-मेमध्ये ११ ते ५ सावलीत एक मातीचं परळ ठेवा. मातीतून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि आतलं थंड राहतं. परळ आतून चकचकीत मुलाम्याचं घेऊ नका, त्याला पाझर नाही. आणि दर संध्याकाळी रिकामं करून नारळाच्या शेंडीने नुसत्या पाण्याने घासा. साबण माती पिते.

आमच्याकडे कोकणात उलटं. जूनमध्ये उघड्या परातीत पावसाचंच पाणी साठतं, सोबत पागोळीचा कचरा. तिथे निपलची बादलीच बरी, वर पत्र्याचा तुकडा.

बादली निवडताना पारदर्शक नको. ऊन लागलं की आतून आठ दिवसांत हिरवं शेवाळ. निळा पाण्याचा जार वापरायचा असेल तर बाहेरून गडद रंग लावा नाहीतर गोणपाट शिवून चढवा.

---

खुडूक

भांडं कसलंही करा, आतून बोट फिरवून बघायची सवय ठेवा. बुळबुळीत लागलं की आठवड्यातून एकदा घासायचा नियम मोडलाय. हा थर नुसत्या पाण्याने जात नाही, घासावाच लागतो. गूळपाणी, जीवनसत्त्वांचं टॉनिक, इलेक्ट्रोलाइट यावर तो सगळ्यात झपाट्याने वाढतो. टॉनिक द्यायचं तर ते परळात द्या, चार-पाच तासांत संपेल एवढंच, उरलेलं ओता. निपलच्या बादलीत गूळ कधीच नाही.

बोअरच्या पाण्याला ब्लीचिंग पावडर अशी: ३३ टक्क्यांची १ ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात ढवळा, अर्धा तास निवळू द्या. वरचं नितळ पाणी १५० मिलिलिटर, २० लिटरच्या बादलीत. यातून लिटरला अडीच मिलिग्रॅम क्लोरीन होतं, ते पुरे. गाळ ओतू नका, पिनमध्ये अडकतो. उघडं पडलेलं पाकीट आपला जोर गमावतं, म्हणून लहान पाकीट आणा आणि झाकणबंद बाटलीत ठेवा. हे द्रावण रोज ताजं.

पाण्यातून मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्यायची असेल तेव्हा मात्र उलट. आदल्या दोन दिवसांपासून क्लोरीन बंद, भांडं घासलेलं पण जंतुनाशकाशिवाय, धातूचं नको. कोंबड्यांना तासभर पाणी न देता मग दोन तासांत संपेल एवढंच पाणी, त्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी विरघळवून मग लस. उन्हात नाही, पहाटे. लसीचे किती डोस किती पाण्यात ते पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या, कुपीगणिक बदलतं. आणि या दिवशी निपल वापरू नका, किती कोंबड्यांच्या पोटात गेलं ते कळत नाही. प्लास्टिकच्या पसरट घमेल्यात सगळ्या एका वेळी पितात.

जस्ताच्या बादलीत व्हिनेगर किंवा लिंबूफूल घालून पाणी पाजू नका. आंबट पाणी जस्त सोडवून घेतं.

आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी. डेंग्यूच्या साथीत आरोग्य खातं घरोघरी जो कोरडा दिवस पाळायला सांगतं त्यात खुराड्याची परात मोजत नाही कुणी.

---

परसातली

सगळ्यांचे आभार. मग निपलची बादली रोजची, परळ उन्हाळ्यात. १५ लिटरचा कॅन आवाराच्या दुसऱ्या टोकाला आंब्याखाली, कारण दुपारी निम्म्या तिकडेच असतात. पिल्लांचं तेवढं राहिलं. आत्ता वाटीत देते, ती उलटवतात आणि ओली होतात.

---

पाना-पक्कड

पिल्लांना लिटरभराची प्लास्टिकची बाटली आणि खोलगट बशी. तत्त्व तेच, फक्त माप लहान. भोक ६ ते ८ मिलिमीटर, वरची कड बुडापासून १ सेंटिमीटरवर, बशीचा काठ अडीच ते तीन. बाटली आणि काठ यांत बोटभर, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर वाट राहू द्या. चोच जाते, अंग जात नाही. वाट जास्त रुंद झाली तर त्यात स्वच्छ गोटे घाला, पाणी गोट्यांच्या वर अर्धा सेंटिमीटर. बुडणं आणि भिजणं दोन्ही टळतं. बाटली बशीला सिलिकॉनने चिकटवा म्हणजे उलटवता येणार नाही. भरायला झाकण वर आहेच.

११ पिल्लांना उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर धरा, म्हणून एकच बाटली न ठेवता दोन. एक रिकामी झाली तरी दुसरी असते, आणि कुणा एकाला धक्के मारून हटवलं तर त्याला दुसरीकडे जाता येतं.

---

डालगं

त्यात भर: पिल्लांच्या भांड्याखाली तूस ठेवूच नका. एक फूट बाय एक फूट लाकडी चौकट, त्यावर अर्ध्या इंची जाळी, खाली वाळू. सांडलेलं पाणी जाळीतून वाळूत जातं आणि पिल्लांचे पाय कोरडे राहतात. रक्ती हगवण ओल्या तुसातच पसरते, आणि तीन ते सहा आठवडे हेच तिचं वय. तूस मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते काढून टाका, वाळवून परत नको. भुरभुर सुटलं तर ठीक.

---

परसातली

मूठ दाबून पाहिली. गोळाच राहिला. आज सगळं तूस काढते.

---

खुडूक

काढलेलं खताच्या खड्ड्यात टाका, आवारात पसरू नका, मोठ्या कोंबड्या तिथेच उकरत बसतात. नवं दोन इंच जाड घाला. आणि कुठली कोंबडी अंड्यांवर बसली असेल तर तिच्याजवळ हातभरावर वेगळी वाटी ठेवा. दिवसातून एकदाच उठते ती, आणि गर्दीत पाणी मिळालं नाही तर तशीच परत जाऊन बसते.